वेण्णेकाठचं हिव

"पाव्हणं, मघाधरनं वर काय बघतासा?"

"धूर."

जानेवारीतली रात्र होती. पुतण्याचा साखरपुडा आटोपून पाहुणे पांगले होते आणि मी साताऱ्यातल्या आमच्या गच्चीवर उभा होतो. खाली कोपऱ्यावर वॉचमनने शेकोटी पेटवली होती. तिचा धूर काठीसारखा सरळ वर जात होता आणि तिसऱ्या मजल्याच्या थोडा वर गेला की छताला टेकल्यासारखा आडवा पसरत होता.

"वारा पडलाय दाजी. आभाळ कोरडं आहे. जमिनीलगतची हवा गार झाली आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसला, म्हणून धूर पुढे चढेना. उद्या पहाटे वेण्णा लेकवर हिमकण सापडणार. चला माझ्याबरोबर."

दाजींनी शाल घट्ट ओढून घेतली. "तुमच्या मनात लाडू फुटत्यात ते दिसतंय मला. पण हाच धूर बघून माझ्या पोटात गोळा आलाय. बाग सोडून आलोय मी. मणी फुगायचे दिवस हायेत."

अक्का आणि दाजी तासगाव तालुक्यातले. तीन एकर द्राक्षबाग, त्यातली निम्मी तास-ए-गणेश, त्याच तालुक्यात निवडली गेलेली जात. दाजींचं सगळं वर्ष एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी या दोन तारखांना बांधलेलं. माझं वर्ष डिसेंबर-जानेवारीतल्या दहा-बारा पहाटांना बांधलेलं. एकाच थंडीची आम्ही दोघंही वाट बघतो, ते देवाला नवस बोलून आणि मी वही उघडून. त्या रात्री सुरू झालेलं आमचं बोलणं पुढे वर्षभर चाललं. त्यातलं जेवढं आठवतं तेवढं लिहितो आहे.

आधी आमच्या वेडाबद्दल. साताऱ्यातले आम्ही पाच जण आहोत. एक जण शाळेत भूगोल शिकवतो, एक एसटीत वाहक होता, एकाचं फोटोचं दुकान आहे. दिवाळी सरली की आमच्या जिवाला थारा नसतो. पश्चिमी विक्षोभ काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून पुढे सरकला का, त्याच्या मागून उत्तरेचा कोरडा वारा खाली यायला लागला का, पुण्याचा किमान पारा आज कितीने उतरला, यावर रात्री फोनाफोनी चालते. नंदुरबारच्या सातपुड्यात डाबच्या बाजूला दवबिंदू गोठल्याची बातमी आली की आता आपली पाळी, असं आम्ही धरून चालतो. मग पहाटे साडेतीनला कोणाची तरी गाडी निघते आणि मेढ्यावरून केळघर घाटाने वर चढते.

दाजी आले. मला वाटलं होतं नाही म्हणतील. पण शेतकऱ्याला परक्या गावची हवा बघायची ओढ असतेच.

घाटात त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला.

"खरं सांगा. काश्मिरात पडतो तसला, कापसागत भुरभुरणारा बर्फ महाबळेश्वरला कधी पडलाय का?"

"नाही."

"पडंल का?"

"आपण बघू असं मला वाटत नाही. हिवाळ्यातसुद्धा आपल्याकडे शून्य अंशाची पातळी चार किलोमीटरच्याही वर असते, आणि महाबळेश्वर आहे १३७२ मीटरवर. वरच्या ढगात हिमाचे कण तयार झाले तरी खाली येईपर्यंत त्यांचं पाणी होणार. आणि दुसरी अडचण याहून मोठी. आपल्याकडे गारठ्याच्या रात्री ढग नसतो. ढग आला की तो गोधडीसारखा जमिनीची ऊब धरून ठेवतो आणि गारठा पळतो. बर्फाला दोन्ही एकदम लागतात."

"मग वाट कशाची बघतासा?"

हा प्रश्न मला याआधी कोणी इतका साधा करून विचारला नव्हता. आमच्यातले एक-दोघं मनातून अजून खऱ्या हिमवर्षावाची आशा धरून आहेत, मी नाही. गाडीत मला जे सुचलं ते एवढंच. आपण ज्या भूमीवर राहतो तिथं पाणी गोठत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे दव पडतं, जुनी माणसं त्याला दहिवर म्हणायची, आणि ऊन आलं की ते उडून जातं. या जिल्ह्यात एक खोलगट जागा अशी आहे की वर्षातल्या मोजक्या पहाटे तिथं ते दव शून्याची रेघ ओलांडतं. अर्ध्या अंशाचा खेळ असतो. तो थेंब पाणीच राहतो की खडा होतो, हे डोळ्यांनी बघायला मी जातो.

"एका थेंबासाठी एवढा घाट चढायचा," दाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. ते विचार करत होते.

थोड्या वेळाने पुन्हा बोलले. "पण पेपरात छापत्यात बर्फ पडला म्हणून, आणि त्याच पेपरात आतल्या पानावर महाबळेश्वरचा पारा आठ न्हायतर नऊ. आठ अंशाला पाणी गोठतंय व्हय? पर्यटक यावेत म्हणून कोणीतरी थाप मारतंय."

इथं मी त्यांच्याशी निम्मा सहमत होतो. "बर्फ पडला" हा शब्दप्रयोग चुकीचाच आहे. वेण्णा लेकवर वरून काही पडत नाही. जे होतं ते जागच्या जागी होतं, म्हणून हिमकण किंवा गोठलेलं दव म्हणावं. आपल्या खेड्यांत त्याहून सोपा शब्द आहे, हिव. हिवाळा हा शब्दच हिवापासून झालेला असताना काश्मीरची उसनवारी कशाला करायची? "मिनी काश्मीर" हे विशेषण वाचलं की मला वाईट वाटतं. आपल्याकडे जे आहे ते छोटं आहे, पण आपलं आहे. त्याला दुसऱ्याच्या मापाने मोजलं की ते उगाच फिकं पडतं.

पण थाप मात्र कोणी मारत नाही. दोन्ही आकडे खरे असतात. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो, जमिनीपासून साधारण चार फुटांवर. तो हवेचं तापमान सांगतो. निरभ्र, निवांत रात्री जमीन, गवत आणि गाडीचा पत्रा आपली ऊब उघड्या आभाळाकडे सोडत राहतात, आणि गवताच्या पात्याचं तापमान त्या पेटीतल्यापेक्षा चार-पाच अंशांनी, कधी त्याहूनही खाली जातं. त्यात वेण्णा लेक खोलगटात. गार हवा जड असते, पाण्यासारखी उताराने वाहत येते आणि तळाशी साचते. उंचावरचं गाव त्यामानाने उबदार राहतं. म्हणूनच पुष्कळदा पुण्याचा किमान पारा महाबळेश्वरपेक्षा खाली असतो. पुण्याने १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश बघितलेले आहेत.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"गवताचं कळलं. पण माझी द्राक्षं गवतात न्हाईत, मांडवाला लटकत्यात. माझ्या घडाला किती गारठा लागतो ते पुण्याच्या पेटीतनं कळत न्हाय, तुमच्या गवतातनंबी कळत न्हाय. मग ते सांगणार कोण?"

लेकवर पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. अंधार होता, पाण्यावरून वाफेसारखं धुकं उठत होतं. बोटी बांधतात त्या जेटीच्या फळ्यांवर विजेरीचा झोत टाकला आणि माझ्या छातीत धडधडलं. फळ्या पांढुरक्या दिसत होत्या. वाकून बोट टेकवलं, खरखरीत लागलं. रात्रभर तिथंच उभ्या असलेल्या एका गाडीच्या टपावर थेंबच थेंब होते. काही काचेच्या मण्यांसारखे गोल आणि ओले, तर त्यांना खेटून असलेले काही दुधाळ, कडक. शून्याखाली गेला म्हणून प्रत्येक थेंब लगेच गोठत नाही. त्याला धरायला धुळीचा एखादा कण लागतो, तो मिळेपर्यंत थेंब उणे तापमानातही पाणीच राहतो. वरच्या ढगांतही हेच चालतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांचा असा बारकाईने अभ्यास करायला २०१२ मध्ये महाबळेश्वरात प्रयोगशाळा उभारली. ते शास्त्र तिथं यंत्रांनी चालतं आणि त्या पहाटे ते माझ्यासमोर एका पत्र्यावर मांडून ठेवलेलं होतं. मी नखाने एक दुधाळ मणी सोडवला. तळहातावर तो तीन-चार श्वास टिकला असेल.

माझ्या तापमापकाने चार फुटांवर सात दाखवले, गवतात शून्याच्या किंचित खाली. मी वहीत लिहीत होतो. दाजी पाण्याकडे बघत होते.

"हे तळं कोणी बांधलं?"

"साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी, १८४२ मध्ये."

"आणि हे पाणी पुढं कुठं जातं?"

"ही वेण्णा. खाली कण्हेर धरणात जाते, मग माहुलीला कृष्णेला मिळते."

दाजी एकदम वळले. "कण्हेर? मग आरफळ कालवा तिथनंच निघतोय की. आमच्याकडं आवर्तन सुटतं ते ह्याच पाण्याचं." ते जेटीच्या कडेला खाली बसले आणि पाण्यात हात घातला. बाहेरच्या हवेपेक्षा पाणी कोमट लागलं असणार. हात तसाच ठेवून ते बराच वेळ गप्प होते. मी इतक्या वर्षांत तिथं पंधरा-वीस पहाटा काढल्या, पण हे पाणी पुढे कोणाच्या वेलीच्या बुडाशी ठिबकतं हा विचार मला शिवला नव्हता.

उजाडताना आम्ही तळ्याच्या वरच्या अंगाच्या एका स्ट्रॉबेरीच्या रानाशी थांबलो. शेतकरी रोपांवरचं प्लास्टिक सारत होता. एका कडेला ते पुरलं नव्हतं, तिथली रोपं उघडी राहिली होती. स्ट्रॉबेरीच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते, आणि त्या प्रत्येक दात्यावर एकेक गोठलेला मणी होता, कोणी मोजून ओवल्यासारखा. मी कॅमेरा काढला. "दव बघा कसं गोठलंय," मी म्हणालो.

दाजी गुडघ्यावर बसून पान उलटसुलट करत होते. "हे दव न्हाय. दव असतं तर पानभर पसरलं असतं. हे नुसतं दात्यावर हाय. मुळानं रात्री ओढलेलं पाणी पानानं आतनं सोडलंय. आमचा वेलबी छाटणीनंतर काडीच्या टोकातनं असाच ठिपकत असतो." मग त्यांनी शेजारचं फूल उघडून दाखवलं. मधला पिवळा गोंडा काळा पडला होता. "हे गेलं. ह्याला आता फळ धरत न्हाय."

पंधरा-वीस पहाटा मी तिथं फोटो काढले होते. ते काळं मी कधी बघितलं नव्हतं.

ते दोघं शेतकरी मग अर्धा तास बोलत बसले. विंटर डॉन, स्वीट चार्ली, मल्चिंग, खुडणीची मजुरी. या दोन्ही जाती अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाने काढलेल्या. मी सांगितलं की तिकडचे स्ट्रॉबेरीवाले कडाक्याच्या रात्री रोपांवर पाण्याचे फवारे सोडतात आणि मुद्दाम बर्फाचं कवच चढू देतात. पाणी गोठताना ऊब सोडतं, ग्रॅमला ८० कॅलरी, आणि पाणी चालू राहिलं तर आतलं फूल शून्याच्या आसपास तगून राहतं. स्ट्रॉबेरीवाल्याला हे नवीन होतं, तो लक्ष देऊन ऐकत होता. जानेवारी २०१० मध्ये तिकडे अशी लांबलेली थंडी आली तेव्हा शेतकऱ्यांनी जमिनीतून इतकं पाणी उपसलं की शंभराच्या वर ठिकाणी जमीन खचून खड्डे पडले, हेही सांगितलं.

"म्हणजे तिथंबी पाण्यावरच येतंय सगळं," दाजी म्हणाले.

परतीच्या वाटेवर मेढ्याला चहा घेताना त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. आतापर्यंत ते माझा पाहुणचार म्हणून ऐकत होते, आता त्यांची पाळी होती.

"तुमच्या हिवाला नावं ठेवत न्हाय मी. देखणं हाय. पण तुम्ही शून्याची वाट बघता आणि आमाला दहाच पुरे होत्यात. दहाच्या खाली पारा गेला की वेल झोपतो. मुळी चालत न्हाय, मणी फुगायचा थांबतो. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा असं सलग चाललं की हिरवा मणी गुलाबी पडतो, व्यापारी हात लावत न्हाय. पानात गोडी तयार हुयाला ऊब लागती, ती न्हाय मिळाली तर बेदाण्याचा उतारा घटतो. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा पडायचा तिथं पाच किलो लागत्यात. त्यात दिल्लीकडं थंडी वाढली की तिकडं द्राक्ष खातंय कोण? उठावच न्हाय. तुम्ही बातमी वाचता कडाका वाढला, मी तीच बातमी वाचतो दर पडला."

"आणि बर्फ म्हणाल," ते पुढे म्हणाले, "तर आमच्याकडं बर्फ पडलाय. २०१४ ला. फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झाली ती मार्चात गारपीट चाललीच हुती राज्यभर. आमच्या पलीकडच्या शिवारात सुपारीएवढ्या गारा. बागेत सऱ्या पांढऱ्या झाल्या हुत्या. पोरं नाचत हुती, कारण पोरांनी कधी जमीन पांढरी झालेली बघितली नव्हती. आणि पोरांचा बाप बांधावर डोक्याला हात लावून बसला हुता. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या बागेत गेलो. फुटलेल्या मण्यांचा वास अजून माझ्या नाकातनं गेला न्हाय. २०२१ च्या डिसेंबरात पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस झाला, तेव्हा गारठ्यानं मेंढरं मेली आणि आमचे घड कुजले. आकाशातनं जे काय अवेळी येतं ते बघायला मला उत्साह येत न्हाय, पाव्हणं. माझं मन तसं राहिलेलं न्हाय."

चहा निवला होता. मला त्या क्षणी माझी वही खिशात जड वाटली. तरी मी जे मानतो ते बोललो, कारण दाजींसमोर गप्प बसणं म्हणजे त्यांची समजूत घालण्यासारखं झालं असतं आणि ते त्यांनाही आवडलं नसतं.

"दाजी, पहाटे तीनला माणूस कशानं उठतो? भीतीनं उठतो किंवा आवडीनं. भीतीनं उठलेला माणूस शेकोटी पेटवतो, त्याला आकडा लिहायला हात मोकळा नसतो. आवडीनं उठलेला माणूसच बर्फ नसलेल्या रात्रीसुद्धा आकडा लिहितो. माझ्या वहीत वेण्णा लेकच्या ज्या पहाटा आहेत, त्यांतल्या निम्म्याहून जास्त पहाटा काहीच गोठलं नाही अशा आहेत. वारा होता, ढग होता, हवा दमट होती, सगळं लिहिलेलं आहे. ही आवड नसती तर ही नोंद कोणी ठेवली असती?"

"नोंद वहीत ऱ्हाती," दाजी म्हणाले. "माझ्या मांडवापर्यंत येत न्हाय."

ते बरोबर होतं. त्याच महिन्याच्या शेवटी मी सुट्टी काढून तासगावला गेलो, बरोबर चार तापमापक घेऊन.

द्राक्षबागेतली पहाट मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती. मांडवाखाली काळोख दाट, वरून पानांतून एखादी चांदणी. एक तापमापक घडाच्या उंचीला बांधला, एक वेलीच्या बुडाशी ठेवला, एक बागेबाहेर मोकळ्या रानात, आणि चौथा दाजींनी स्वतः नेऊन ओढ्याकडच्या कोपऱ्यात लटकवला. "हितला घड दरसाल आठ-दहा दिवस मागं पडतो," ते म्हणाले. "मी म्हणतो माती वंगाळ हाय. मातीत कोळसा घातला, शेणखत घातलं, काय फरक न्हाय."

पहाटे पाच वाजता आम्ही विजेरी घेऊन फिरलो. घडाच्या उंचीला अकरा. मोकळ्या रानात साडेनऊ. मांडव स्वतःच गोधडीचं काम करत होता. आणि ओढ्याच्या कोपऱ्यात, त्याच मांडवाखाली, घडाच्याच उंचीला, पावणेनऊ. दाजींनी विजेरी जवळ धरून तो पारा दोनदा वाचला. तिसऱ्यांदा मला वाचायला लावला. बागेची सगळी गार हवा उताराने घरंगळत त्या कोपऱ्यात साचत होती, वेण्णा लेकसारखीच.

"म्हणजे माती न्हाय," ते म्हणाले.

"एका पहाटेवरून नक्की म्हणता येणार नाही. दहा पहाटा बघू."

"बघू."

शेकोट्यांवरून मात्र आमचं जमलं नाही, आणि अजून जमलेलं नाही. दाजी बागेच्या कडेने पाचट आणि छाटलेल्या काड्या रचून ठेवतात, वर ओलं गवत टाकतात. भरपूर धूर झाला पाहिजे, धूर बागेवर पांघरूण धरतो, अशी त्यांची आणि त्यांच्या वडिलांची श्रद्धा. माझं म्हणणं असं की धूर फारसं काही धरत नाही, काम करते ती आगीची ऊब आणि तिच्यामुळे खालची-वरची हवा ढवळली जाणं. एक मोठी आग लावली तर तिची ऊब त्या उबदार थराला भोक पाडून वर निघून जाते. छोट्या छोट्या पुष्कळ आगी लावल्या तर ती मांडवाजवळ राहते. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समध्ये उशिराचा कडाका आला, तेव्हा तिथल्या द्राक्षवाल्यांनी ओळी-ओळींतून हजारो मेणबत्त्या पेटवल्या होत्या. मी त्यांना त्याचे फोटो दाखवले. रात्रीच्या अंधारात डोंगरउतारावर दिव्यांच्या रांगा.

दाजींनी ते फोटो बराच वेळ बघितले. "दीपमाळ लावल्यागत दिसतंय. पण ह्यांच्या डोळ्यांत झोप न्हाय ते फोटोत दिसत न्हाय." मग म्हणाले, "तुमचं खरं असंल. पण धूर वर जाताना मला कळतं वारा कुठला हाय, किती हाय. मेणबत्तीनं मला ते कळायचं न्हाय." यावर मी काय बोलणार? शेवटी मीसुद्धा आमच्या गच्चीवर धूरच बघत होतो.

पाण्याबाबत मात्र आमचं एकमत झालं. गारठ्याची चाहूल लागली की ते रात्री ठिबक सोडतात. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं आणि ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची ऊब जास्त साठवते, रात्री ती हळूहळू देते. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. फक्त आता ते ओढ्याच्या कोपऱ्यातला व्हॉल्व्ह आधी उघडतात.

चारही तापमापक मी तिथंच ठेवले. अक्काने सांगितलं, फेब्रुवारीभर दाजी रोज पहाटे उठून पारा वाचत होते, गारठा नसलेल्या दिवशीही. घराच्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशोबाच्या बाजूला, पेन्सिलीने चार आकडे. एकदा मी विचारलं, आज तर ढग होता, आज कशाला उठलात? म्हणाले, "ढगाचा आकडाबी पायजे की. तुम्हीच म्हणला हुता."

पुढच्या डिसेंबरात उत्तरेचा वारा लवकर आला. ख्रिसमसच्या सुट्टीची गर्दी अजून घाटात अडकलेली असताना आम्ही पाचही जण पहाटे वेण्णा लेकवर होतो. जेटीच्या फळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या. फोटोवाला मित्र आनंदाने लहान मुलासारखा हाका मारत होता, भूगोलाचे सर गवतात पालथे पडून भिंगातून बघत होते. तापमापकात गवताजवळ उणे एक. इतक्या वर्षांत माझ्या वहीतला सगळ्यात खालचा आकडा. मी तो लिहिला, तारखेखाली रेघ मारली आणि माझा हात आपोआप फोनकडे गेला.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. एका वाजण्यातच फोन उचलला गेला, म्हणजे ते जागेच होते.

"दाजी, वर उणे एक आहे."

पलीकडे काही वेळ आवाज नाही. मग चपलांचा आवाज, काड्यांवरून कोणी चालत असल्याचा.

"हितं वरच्या अंगाला दहा हाय. कोपऱ्यात आठ." मग त्यांनी विचारलं, "तिकडं वारा हाय का?"

मी हातमोजा काढला, बोट तोंडात ओलं करून वर धरलं. मित्र फोटोसाठी मला बोलावत होते. पाण्यावरचं धुकं हलत नव्हतं.

"नाही दाजी. अजिबात नाही."

"बरं. मग पेटवतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.